गावाच्या ठरावात पहिलं कलम कशाचं? पाचट, पाणी, युरिया की छतावरचं सोलर (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ
ग्रामसभेपुढे ठेवायला हवामान बदलावरचा एक ठराव लिहायला घेतलाय. 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून सुरू आहे, भूमी-वायू-जल-अग्नी-आकाश शाळांच्या भिंतींवर रंगवून झालं. आता कागदावर ठरलेली यादी येणार: झाडं लावा, प्लास्टिक पिशव्या बंद, रस्त्यावर एलईडी. त्याला विरोध नाही. पण वाळवा, पलूस, कराड पट्ट्यातल्या ऊसवाल्या गावानं एवढ्यावरच थांबायचं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आपल्याकडचा मोठा वाटा घरातल्या बल्बात नसून शिवारात आहे असं माझं मत.
तीनच कलमं घ्यायची असतील तर कोणती, आणि कोणत्या क्रमानं? शक्यतो आकड्यांसह लिहा.

खोडवा_पक्का
पाचट. एकरी साडेतीन-चार टन वाळला पाला पडतो आणि तोड संपली की काडी लागते. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, टक्काभर पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. पेटवलं की नत्र आणि कर्ब धुरात गेला, राखेत उरतो तो थोडा पालाश. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस जुनीच आहे, पण बांधापर्यंत अर्धवट पोचते, म्हणून सगळं लिहितो.

तोड झाल्या झाल्या पाचट सरीत दाबायचं आणि बुडखे (तोडीनंतर जमिनीत राहिलेली उसाची खुंटं) उघडे करायचे. बुडख्यावर पाला राहिला की कोंब पिवळे, लुकडे निघतात आणि नाव पाचटाचं खराब होतं. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे. वर राहिलेल्या कांडीतून आलेला फुटवा मातीत मुळी धरत नाही, वाऱ्यानं लोळतो. छाटल्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, लिटरला एक ग्रॅम, फवारून. मग पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. म्हणजे चार टनाच्या एकराला ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. संवर्धक युरियात कालवायचं नाही, कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळं विस्कटायचं आणि लगेच पाणी सोडायचं. कोरड्या पाल्यावर युरिया पडून राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो.

पुढची खतं पहारीनं. बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, १५-२० सेंटिमीटर खोल भोक, दोन भोकांत ३० सेंटिमीटर. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांत एका अंगाला, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या अंगाला. मध्ये भरणी (उसाला माती चढवणं) नाही, बगला (सरीच्या कडा) फोडणं नाही.

मळीचा_वास
म्हणजे कराडच्या बिबट्याला आता उसात गादीपण मिळणार 😀

टेंभूचं_पाणी
लिवायला काय जातंय दादा. पाटानं पाणी देणाऱ्याचं काय? सरीत पाचट दाबलं की पाणी फुडं धावतच न्हाई. वरच्या टोकाला तळं हुतंय आन् खालचं टोक कोरडं. पाळी आठवड्यात एकदा, त्यात असली कटकट कोण करणार? म्हणून काडी लावत्यात लोकं, हौस म्हणून न्हाई.

खोडवा_पक्का
बरोबर आहे अण्णा, पहिल्या दोन पाण्यांना तुंबतं. त्यावर दोन वाटा. एक आड एक सरीत पाचट ठेवायचं, मोकळ्या सरीनं पाणी न्यायचं. नाहीतर ट्रॅक्टरवरचं पाचट कुट्टी यंत्र फिरवायचं. कुट्टी केलेला पाला मातीला चिकटतो, लवकर कुजतो आणि वाहत जाऊन तोंड दाबत नाही. पण यंत्र बुडख्याला घासून चालवलं तर कोंबाचे डोळे फुटतात, उंची जपावी लागते. वापसा नसताना, म्हणजे जमीन जास्त ओली असताना ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची सरी घट्ट होते, मग त्या ओळीचा खोडवा (बुडख्यातून परत फुटलेला ऊस) कायम मागं.

बारामोटेची_विहीर
माझं म्हणणं वेगळं आहे. पाचटाआधी पाणी. हिशोब असा:
एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला निव्वळ ०.२७ युनिट लागतात. पंप, मोटर आणि पाइपची गळती धरून एकूण कार्यक्षमता ७० टक्के पकडली तर ०.३९ युनिट. पाटपाण्याच्या उसाला पावसाव्यतिरिक्त एकरी ६,००० घनमीटर उचललं असं धरा. झाली २,३०० युनिटं. आपल्या ग्रीडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे एकरी दीड टनाच्या वर. महिना १०० युनिट जाळणाऱ्या घराची वर्षाची वीज १,२०० युनिटं. उपशावरचा एक एकर ऊस दोन घरांएवढी वीज खातो, आणि आपण ठराव करतोय बल्ब बदलण्याचा.
ठिबकानं ४० टक्के पाणी वाचलं तर एकरी ९०० युनिटं आणि साडेसहाशे किलो वाचतात. नदीकाठी २० मीटर उपसा असेल तर हे सगळं पाचाने भागा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या वरच्या टप्प्यावरच्या गावाला आणि कृष्णेच्या मळीतल्या गावाला एकच ठराव चालणार नाही.

गणिती_गुऱ्हाळ
विहीरसाहेबांच्या हिशोबाला जोड म्हणून बाकी दोन्ही.
पाचट: एक गैरसमज आधी काढू. पाला जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड पुढच्या उसानं परत ओढलेला असतो, तो हिशोबात धरत नाहीत. धरायचा तो मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. साडेतीन टनांतलं ८० टक्के जळालं तर आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान समिती) ठोकळ गुणांकांनी साडेसात किलो मिथेन आणि ०.२ किलो नायट्रस ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडच्या मापात एकरी सुमारे २५० किलो. काजळी वेगळी, ती या आकड्यात नाही.
युरिया: ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र. त्यातलं सरासरी एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड बनून उडतं असं धरतात. हा वायू १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. एका पोत्याचे झाले ९० किलो. युरिया विरघळताना स्वतःचा कार्बन सोडतो ते ३३ किलो. मिळून पोत्यामागे १२० किलो, आणि कारखान्यात तो बनवताना जळलेला गॅस अजून धरलेला नाही.
खोडव्याला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस, म्हणजे एकरी १०० किलो, पाच पोत्यांच्या आत. आठ पोती टाकणारे कमी नाहीत. वरची तीन पोती म्हणजे साडेतीनशे किलो वायू फुकट. क्रम लागला: पाणी, युरिया, पाचट.

आंब्याची_कोय
@गणिती_गुऱ्हाळ, पाचट जमिनीत कुजतानाही नायट्रस ऑक्साइड निघतो की. तो कुठं गेला?

गणिती_गुऱ्हाळ
निघतो. साडेतीन टनात १६ किलो नत्र धरलं तर ७० किलोच्या आसपास. म्हणजे निव्वळ फायदा २५० वरून १८० वर येतो. कुजवायला लागणाऱ्या २८ किलो युरियाचे ७५ किलो अजून वजा, तो पुढच्या हप्त्यातून कापला नाही तर. म्हणूनच म्हणतोय, पाचट हा एकटा मोठा आकडा नाही.

खोडवा_पक्का
आकडा मान्य, क्रम अमान्य. पाचटाच्या आच्छादनानं बाष्पीभवन कमी होतं, दोन पाण्यांतलं अंतर वाढतं, तण दबतं. पाणी आणि युरिया दोन्ही खाली आणणारी स्वस्तातली वस्तू तीच आहे. ठिबकाला खर्च लागतो, पाचटाला काडीपेटी खिशात ठेवावी लागते.

सरीवरंबा
ठिबकाचा खर्च बघूनच लोक मागं हटतात, म्हणून: मंजूर खर्चावर अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्राचे ५५ आणि राज्याचे पूरक २५ असे ८० टक्के, इतरांना ४५ आणि ३० मिळून ७५. पण खरेदीआधी पूर्वसंमती हातात पाहिजे. बिल आधीच्या तारखेचं असेल तर फाइल तिथंच अडकते. 'मंजूर खर्च' आणि दुकानदाराचं कोटेशन यातला फरकही खिशातूनच जातो.

बसवताना नदीच्या पाण्याला नुसती जाळीची गाळणी पुरत नाही. गाळ आणि शेवाळ दोन्ही येतं, आधी वाळूची गाळणी आणि तिच्यामागे चकतीची. दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा. आतल्या-बाहेरच्या दाबात गेजवर अर्ध्या किलोचा (चौरस सेंटिमीटरला) फरक पडला की उलटी धुलाई करायची. लॅटरलच्या (ओळीतल्या ठिबकाच्या नळीच्या) टोकाचे एंडकॅप पंधरवड्याला काढून पाणी वाहू द्यायचं. तोडीआधी लॅटरल गुंडाळून बांधावर. राहिली तर कोयता नाहीतर ट्रॉलीचं चाक, दोन्हीपैकी एक लागतंच. आणि पाचटाखाली उंदीर नळ्या कुरतडतात, पंधरा दिवसांतून एकदा सुरू असताना रांगेनं चालत जाऊन ओल बघा.

माणदेशी_मेंढका
सगळा धागा उसातच चाललाय. माण-खटावात ज्वारी-बाजरी करणारानं काय करायचं, पाचट विकत आणायचं? 😄

पाटणकरीण
मेंढकादादा, तुमच्या गावाला ठरावाची गरजच कमी. तुमच्या पाणलोटाच्या बांधाचं पाणी उतारानं येतं, वीज शून्य. ऊसवाल्यांनी तुमच्याकडून शिकायला पाहिजे.
घराचंही कुणीतरी लिहा. अंघोळीच्या एका बादलीला वीस अंश पाणी पंचेचाळीसपर्यंत न्यायला ०.६ युनिट लागतं. पाच माणसांचं घर म्हणजे रोज तीन, महिन्याला नव्वद युनिटं निव्वळ गिझरची. सौर बंब हा छतावरच्या पॅनेलपेक्षा आधीचा खर्च आहे. फक्त बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार बसतात, पाणी कोमट येऊ लागतं. वर्षातून एकदा नळ्या काढून साफ करायची तयारी पाहिजे.

वरचा_मजला
सोलर पॅनेलवर थोडं. घराच्या छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान. किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविना जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिटं. आपल्या अक्षांशावर १७-१८ अंश कोन, तोंड दक्षिणेला.
न सांगता विकली जाणारी गोष्ट: ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी सोयच असते. "सोलर आहे तरी अंधार" ही तक्रार इथून येते. लोडशेडिंगला बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च वाढतो. अर्थिंगचे खड्डे तीन: डीसीचा, एसीचा आणि वीजरोधकाचा. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडलेल्या दिसल्या तर सही करू नका.
आणि सांगलीकरांनो, इन्व्हर्टर तळमजल्यावर लावू नका. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं. पॅनेल छतावर कोरडं आणि इन्व्हर्टर पाण्याखाली, असली बचत परवडत नाही.

मळीचा_वास
आमच्या गल्लीत तर गच्चीवर जागाच नाही, तिथं बेदाणा वाळतोय.

टेंभूचं_पाणी
इजेवर बोलताय तर धोरणावर पण बोला. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला बिल माफ झालं. मोटार चालू करून माणूस घरी जातोय, ऑटो स्विच हायच. पाणी कमी कर म्हणायला कारण काय उरलं? ठिबक घेतलं म्हणून आमचं काय वाचलं? सरकारचं वाचलं.

बारामोटेची_विहीर
हाच खरा पेच आहे. आणि मोठ्या उपसा योजनांचं वीजबिलही ८१:१९, ८१ टक्के शासन, १९ टक्के लाभधारक. पाणीपट्टी उसाच्या बिलातून कापली जाते, ती क्षेत्रावर, घनमीटरवर नव्हे. कमी पाणी वापरणाऱ्याला आणि पाट फोडून ठेवणाऱ्याला एकच दर. मोजून पाणी दिल्याशिवाय हे बदलणार नाही. ग्रामसभा दर ठरवू शकत नाही, पण पाणीवापर संस्था असेल तर चारीच्या (पाटाच्या लहान फाट्याच्या) तोंडाला मोजपट्टी आणि पाळीचे तास लिहिलेला फलक लावू शकते.
सौर कृषी पंप घेतला तर वीज स्वच्छ, पण पाण्याला लगाम तिथंही नाही. फक्त रात्रीचं पाणी बंद होतं, तेवढाच फायदा.

आंब्याची_कोय
रात्रीचं पाणी बंद झालं तर बिबट्याची भीतीही गेली. पहिल्या पानावरचा विनोद कामाचा निघाला.

हळदीचं_बॉयलर
विषयांतर, पण सांगलीच्या धाग्यात हळद नाही म्हणजे काय! काहिलीत उकडणं आता बंद व्हायला पाहिजे. उघड्या काहिलीत पाणी तापवण्यात जळण जातं, वरची हळद कच्ची, तळाची गिच्च. वाफेच्या ड्रममध्ये पाणी थोडं, शिजणं एकसारखं, जळण बरंच कमी. ड्रममध्ये भरताना गड्डा आणि बोटं वेगळी करा. मिसळली तर गड्डा शिजेपर्यंत बोटांचा लगदा होतो. शिजली का बघायला काडी टोचायची, सहज आरपार गेली की उतरवायची. जळणाला हळदीचाच वाळलेला पाला चालतो.

सरीवरंबा
आता हुमणीवर (उसाची मुळं खाणारी अळी) कोणीतरी घसरणारच आहे, आधीच लिहितो. पाचट ठेवलं म्हणून हुमणी येते हे बांधावरचं मत, पण ती वाढते ती कच्च्या शेणखतावर. वळवाचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की संध्याकाळी भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, तेही अख्ख्या गावानं एकाच आठवड्यात. एकट्यानं करून शेजाऱ्याचे भुंगेरे थांबत नाहीत.

काडीपेटी_बंद
पाचट ठेवणाऱ्याची खरी डोकेदुखी शेजारी आहे. त्यानं पेटवलं आणि वारा फिरला की आपलं पाचट, ठिबकाच्या नळ्या, कोवळा खोडवा सगळं जातं. वाटेकडच्या आणि शेजारच्या बांधाकडच्या दोन-तीन सऱ्या पूर्ण मोकळ्या ठेवा, विजेच्या तारांखालचा पट्टाही. तारा घासून ठिणगी पडते, लोंबत असतील तर आधी लेखी अर्ज द्या.
दुसरं, उभा ऊस पेटवून तोडणं. टोळीला तोड सोपी जाते, शेतकऱ्याला वाटतं सुटलो. पण जळीत उसाचं वजन तासातासाला घटतं, साखर फुटते, त्यात कारखाना कपात लावतो. आणि खोडव्याचे वरचे डोळे भाजतात ते वेगळंच. ठरावात पाचट लिहाल तर हेही लिहा, नाहीतर पाचट उरणारच नाही कुजवायला.

पाटणकरीण
टोळीला दोष देऊन चालणार नाही. पाला सोलून तोडायला वेळ जास्त लागतो आणि मजुरी टनावर असते. बिनजळीत तोडीला टनामागे जास्त दर ठरल्याशिवाय काडी लागतच राहणार. गावानं कारखान्याच्या शेती खात्याकडे ही मागणी लेखी करावी.

कृष्णाकाठ
भरपूर मिळालं, मंडळी. मसुदा असा करतोय, चुका काढा:
कलम एक: या गळीत हंगामापासून गावच्या शिवारात पाचट आणि उभा ऊस पेटवायचा नाही. कुट्टी यंत्र ग्रामपंचायतीनं किंवा सोसायटीनं भाड्यानं उपलब्ध करायचं. बिनजळीत तोडीच्या दरासाठी कारखान्याला पत्र.
कलम दोन: माती परीक्षणाशिवाय शिफारशीपेक्षा जास्त युरिया नाही, सोसायटीच्या दुकानात एकरी शिफारशीचा फलक.
कलम तीन: चारीवर पाळीचे तास आणि पाणीमापन, ठिबकाच्या अर्जांसाठी ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक दिवस.
सोलर, सौर बंब, बायोगॅस परिशिष्टात.

गणिती_गुऱ्हाळ
क्रम उलटा लागला, पण का ते कळतंय. पाचटाचं कलम लगेच अमलात येतं, पाणीमापनाला भांडणं लागतील. चालेल.
बायोगॅस परिशिष्टात टाकताय तर एक ओळ घाला. दोन घनमीटरच्या दीनबंधू बायोगॅस संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं दावणीला. दोन जनावरांवर तो उपाशी राहतो. पाइपात पाणी साचून ज्योत फडफडते, सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी द्या. शेगडी बायोगॅसचीच, सिलिंडरच्या शेगडीची भोकं लहान असतात. आणि गळका संयंत्र नसलेला बरा. गळतो तो मिथेन, शंभर वर्षांच्या मापात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींच्या आसपास. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून तपासा.

टेंभूचं_पाणी
कलम एकमधी "एक आड एक सरी चालंल" असं लिवा. न्हाईतर पाटपाण्यावाला सभेत उठून उभा ऱ्हातोय, आन् ठराव तिथंच बोंबलतोय.

कृष्णाकाठ
घातलं अण्णा.

खोडवा_पक्का
अजून एक. जिवाणू संवर्धकाची मागणी तोड सुरू व्हायच्या आधी नोंदवा. ऐन हंगामात सगळे एकदम धावतात, मग दुकानात उन्हात पडलेली जुनी पाकिटं गळ्यात मारली जातात. पाकिटावरची अंतिम तारीख बघूनच घ्या आणि वापरेपर्यंत सावलीत ठेवा. कीटकनाशकांच्या कपाटात नको.